अपस्मारावर शस्त्र : सर व्हिक्टर हॉर्स्ले

रस्त्यानें चालतां चालतां एखादा धडधाकट मनुष्य एकाएकीं कोसळतो, हातपाय झाडूं लागतो, त्याच्या तोंडास फेंस येतो. लोक भोंवतीं जमतात आणि कोणी तरी आपल्या पायांतील जोडा काढून त्याच्या नाकाशीं धरतो. दुसरा कोणी कांदा आणावयास धांवतो. फेपऱ्यावरचा हा उपाय महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपला आपणच थांबावयाचा असतो, तसा तो थांबतो, आणि श्रेय जोड्यास मिळतें. ज्या घरांत हें दुखणें शिरतें त्या घरांत त्याचें नांव उघड घेतलें जात नाहीं. मुलीस असेल तर तें लग्न होईपर्यंत झांकलें जातें, मुलास असेल तर त्याची शाळा सुटते. आयुर्वेदानें या व्याधीस अपस्मार, म्हणजे स्मृतीचा लोप, असें मोठें अर्थपूर्ण नांव देऊन तिची गणना रोगांत केली. परंतु लोकांनीं ती भूतबाधेच्या खात्यांत टाकली. युरोपांतहि सामान्य माणसाची समजूत याहून फारशी निराळी नव्हती.

अशा रोगाचें मूळ कित्येकदां मेंदूंतील एका ठराविक जागीं असतें, ती जागा कवटी न उघडतां बाहेरून ओळखतां येते, आणि मग कवटी उघडून तेथील बिघाड काढून टाकतां येतो, ही गोष्ट ज्यांनीं प्रत्यक्ष करून दाखविली त्यांत सर व्हिक्टर हॉर्स्ले यांचें नांव फार वरचें आहे.

हॉर्स्ले यांचा जन्म लंडन शहरीं १४ एप्रिल १८५७ रोजीं झाला. त्याच दिवशीं व्हिक्टोरिया राणीस बीएट्रिस ही शेवटची कन्या झाली, आणि या योगायोगामुळें मुलाचें नांव व्हिक्टर असें ठेवण्यांत आलें. वडील जॉन कॉलकॉट हॉर्स्ले हे त्या काळचे नामांकित चित्रकार होते. नाताळांत इष्टमित्रांस धाडावयाचें पहिलें छापील शुभेच्छापत्र १८४३ सालीं निघालें, त्यावरील चित्र त्यांनींच काढलेलें. मुलानें कुंचल्याऐवजीं सुरी हातीं घेतली, तरी बोटांतील हलकेपणा वडिलांचाच होता असें म्हणावयास हरकत नाहीं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत वैद्यकीचें शिक्षण घेऊन १८८० सालीं हॉर्स्ले शस्त्रवैद्य झाले. गुंगीच्या औषधानें मेंदूवर नेमका काय परिणाम होतो हें जाणण्याची त्यांना उत्कंठा लागली. तेव्हां दुसऱ्या कोणास न शोधतां त्यांनीं स्वतःलाच सुमारें पन्नास वेळां गुंगी देवविली, आणि आलेले अनुभव टिपून ठेवून प्रसिद्ध केले. पुढील सबंध आयुष्याचा नमुना या एकाच गोष्टींत दिसतो. शंका आली कीं प्रयोग, आणि प्रयोगांत धोका असेल तर पहिला धोका आपला.

१८८४ सालीं ब्राउन इन्स्टिट्यूशन नांवाच्या संस्थेचे ते प्रमुख झाले. लंडनमधील ही संस्था जनावरांच्या रोगांचा अभ्यास करण्यासाठीं निघालेली होती. येथें सहा वर्षांत त्यांनीं जें काम केलें तेंच एखाद्याची हयात सार्थकीं लावण्यास पुरेसें झालें असतें. गळ्यांतील ग्रंथि माकडाच्या शरीरांतून काढून टाकली असतां तें सुजतें, मंद होतें आणि खंगत जातें, हें त्यांनीं दाखविलें. त्यांचेच विद्यार्थी जॉर्ज मरे यांनीं १८९१ सालीं मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोंचून त्या रोगावर प्रथम उतारा दिला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर पाश्चर यांनीं काढलेली लस खरी कीं खोटी हें ठरविण्यासाठीं इंग्रज सरकारनें १८८६ सालीं एक समिति नेमली, तिचे चिटणीस हॉर्स्लेच होते. ते पॅरिसला गेले, सशांवर पुन्हां सारे प्रयोग करून पाहिले आणि पाश्चर यांचें म्हणणें खरें असल्याची ग्वाही दिली. शिवाय प्रत्येक कुत्र्याच्या तोंडास मुसकें बांधण्याची सक्ति करा, म्हणजे हा रोग देशांतून नाहींसा होईल, असा त्यांनीं धोशा लावला. श्वानप्रेमी मंडळींनीं त्यांना पुष्कळ शिव्या दिल्या. परंतु १९०२ सालीं तो रोग इंग्लंडांतून गेला तो या सक्तीमुळेंच.

आतां मुख्य विषयाकडे वळूं.

लंडनमध्यें क्वीन स्क्वेअर नांवाचा एक लहानसा चौक आहे. तेथें पक्षाघात व अपस्मार यांनीं पीडलेल्यांसाठीं १८५९ सालीं एक रुग्णालय निघालें. तेथील वैद्य ह्यूलिंग्ज जॅक्सन हे बोलण्यास संथ, वृत्तीनें विचारी आणि निरीक्षणांत विलक्षण सूक्ष्म होते. कांहीं रोग्यांच्या झटक्याचा आरंभ नेहमीं एकाच ठिकाणीं होतो, हें त्यांनीं पाहिलें. एखाद्याचा अंगठा प्रथम कांपूं लागतो, मग बोटें, मग मनगट, कोपर, खांदा, नंतर तोंडाची एक बाजू, शेवटीं पाय. जणूं एखादी पलटण ठरलेल्या वाटेनें कूच करीत आहे. जॅक्सन यांच्या पत्नीलाहि अशाच झटक्यांची व्यथा होती आणि ती १८७६ सालीं निवर्तली. तेव्हां हें निरीक्षण केवळ रुग्णालयांतलें नव्हे, घरांतलेंहि होतें. या नियमित कूचावरून जॅक्सन यांनीं असें अनुमान बांधलें कीं, मेंदूच्या पृष्ठभागावर अंगठ्याची जागा निराळी, बोटांची निराळी, पायाची निराळी असली पाहिजे, आणि ज्या जागीं बिघाड असेल तेथून झटका निघून शेजारच्या जागांवर पसरत असला पाहिजे.

हें अनुमान बर्लिनमध्यें फ्रिट्श व हिट्सिग या दोघांनीं १८७० सालीं कुत्र्याच्या मेंदूस विजेचा सौम्य प्रवाह लावून पडताळून पाहिलें, आणि इंग्लंडांत डेव्हिड फेरिअर यांनीं तें माकडांवर पुढें नेलें. हॉर्स्ले यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह याच प्रयोगांची बारीक मोजणी केली. माकडाच्या मेंदूवर कोणत्या जागीं स्पर्श केला असतां अंगठा हालतो, कोणत्या जागीं ओठ, कोणत्या जागीं पायाचें बोट, याचा त्यांनीं एक नकाशाच तयार केला. गमतीची गोष्ट अशी कीं हा नकाशा उलटा आहे : पायाची जागा मेंदूच्या माथ्याजवळ, हाताची मध्यें आणि तोंडाची खालीं, शिवाय उजव्या अंगाची जागा डाव्या मेंदूंत आणि डाव्याची उजव्यांत.

नकाशा हातीं आला. पण त्या प्रांतांत पाऊल टाकावयाचें कोणी? ग्लासगो येथें मॅकीवेन यांनीं १८७९ पासून कांहीं रोग्यांची कवटी उघडली होती. लंडनमध्यें गॉडली यांनीं १८८४ सालीं एका तरुणाच्या मेंदूंतील गांठ काढली. गांठ बरोबर सांगितलेल्या जागीं सांपडली, परंतु जखम दूषित होऊन रोगी महिन्याच्या आंतच वारला. मेंदूस हात लावणें म्हणजे मरणास निमंत्रण, ही समजूत त्यामुळें अधिकच घट्ट झाली. अशा वेळीं, १८८६ च्या आरंभीं, क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयानें हॉर्स्ले यांना शस्त्रवैद्य नेमलें. तेव्हां त्यांचें वय अवघें अठ्ठावीस वर्षांचें होतें.

त्यांचा तेथील पहिला रोगी बावीस वर्षांचा एक स्कॉटिश तरुण होता. सातव्या वर्षीं एडिंबरोच्या रस्त्यांत तो घोडागाडीखालीं सांपडला व त्याची कवटी फुटून आंत दबली. जखम भरून आली, परंतु पंधराव्या वर्षाच्या सुमारास झटके सुरू झाले आणि ते वाढत गेले. रुग्णालयांत असतांना तेरा दिवसांत त्याला आलेल्या झटक्यांची नोंद आहे २,८७०. श्रोत्यांनीं हा आंकडा क्षणभर मनांत घोळवावा. दर दिवशीं दोनशेंहून अधिक, म्हणजे तासाला नऊ. त्यांत खाणें नाहीं, झोंप नाहीं, बोलणें नाहीं. शस्त्रक्रियेंत प्राण जाईल ही भीति दाखविणारांस त्या तरुणाकडे बोट दाखवून एवढेंच विचारतां आलें असतें कीं, याच्यापाशीं गमावण्यासारखें आतां उरलें आहे काय?

२५ मे १८८६ रोजीं शस्त्रक्रिया झाली. जॅक्सन व फेरिअर हे दोघेहि शेजारीं उभे होते. कार्बॉलिक द्रवाचा फवारा, क्लोरोफॉर्मची गुंगी, आणि अर्धवर्तुळाकार कापून उचललेला कातडीचा पडदा. पूर्वी शस्त्रवैद्य डोक्याच्या कातडीवर फुलीसारखा छेद घेत, त्यामुळें जखम नीट मिटत नसे. हॉर्स्ले यांनीं हा अर्धचंद्राकृति छेद रूढ केला. कवटी उघडली तेव्हां मेंदूवर जुना वण दिसला. तो वण, आणि भोंवतालचा बिघडलेला थोडा भाग, त्यांनीं काढून टाकला. आठवड्याभरांत जखम भरली आणि झटके थांबले. सांगतात कीं, शस्त्रक्रिया चालू असतां जॅक्सन यांनीं फेरिअर यांच्या कानांत मोठ्या हळहळीनें म्हटलें, कीं स्कॉटिश माणसाच्या डोक्यांत विनोद घालण्याची अशी संधि पुन्हां यावयाची नाहीं, आणि ती आपण दवडली! मृत्यूच्या दारांत उभे असतांना हें सुचणें वैद्यांनाच जमतें.

दुसरा रोगी वीस वर्षांचा होता. त्याचा झटका डाव्या अंगठ्यापासून व शेजारच्या बोटापासून निघे. बाहेर जखम नाहीं, वण नाहीं. वाट दाखविण्यास फक्त तो अंगठा. माकडांवर काढलेल्या नकाशाची खरी परीक्षा येथें होती. हॉर्स्ले यांनीं माप घेऊन उजव्या बाजूस कवटीवर खूण केली, तेथें भोंक पाडलें, आणि आंत क्षयाची एक गांठ सांपडली. ती त्यांनीं काढली. जुलैमध्यें तिसरी शस्त्रक्रिया झाली. ऑगस्टांत ब्रायटन येथें वैद्यमंडळींची सभा भरली, तींत हॉर्स्ले यांनीं या तीन रोग्यांची हकीकत सांगितली. तिन्ही जिवंत होते. पुढच्या वर्षीं त्यांनीं लागोपाठ केलेल्या दहा शस्त्रक्रियांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत एकच रोगी दगावला होता.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दोन-तीन महिने झटका आला नाहीं म्हणून रोग गेला, असें आज कोणी वैद्य म्हणणार नाहीं. पुढील अनुभवानें असें दिसून आलें कीं, कांहीं रोग्यांचे झटके कायमचे जातात, कांहींचे कमी होतात, आणि कांहींचे वर्षा-दोन वर्षांनीं परत येतात. शिवाय ज्या जागेंतून हात हालतो तीच जागा काढली कीं हात दुर्बळ होण्याचें भय असतें. हॉर्स्ले यांनीं अपस्मार जिंकला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. मेंदूस शस्त्र लावूनहि रोगी उठून घरीं जाऊं शकतो, एवढें त्यांनीं सिद्ध केलें, आणि तेव्हां तेवढेंच हवें होतें.

१८८७ च्या जूनमधील आणखी एक प्रसंग सांगण्यासारखा आहे, जरी तो मेंदूचा नसून पाठीच्या कण्याचा आहे. एका गृहस्थांची पाठ कित्येक वर्षें दुखत होती. अनेक वैद्य झाले. कोणी संधिवात म्हटलें, कोणी मनाचे खेळ म्हटले. शेवटीं पाय लुळे पडले तेव्हां गॉवर्स या प्रसिद्ध वैद्यांनीं कण्याच्या पोकळींत गांठ असल्याचें निदान केलें व हॉर्स्ले यांना बोलाविलें. त्यांनीं कणा उघडला, परंतु सांगितलेल्या जागीं कांहींच नव्हतें. हाडाचा आणखी भाग काढला, तरी नाहीं. जखम मिटवून टाकण्याची वेळ आली, तोंच मदतनीसानें अजून एक कडें वर जाऊन पाहण्याचा आग्रह धरला. तेथें बदामाएवढी गांठ मज्जारज्जूस दाबून बसलेली होती! ती निघाली आणि पुढें ते गृहस्थ चालूं लागले. कीर्ति हॉर्स्ले यांची झाली. पण बोटभर अंतरावर हुकणारें यश त्या मदतनीसानें परत आणलें, हेंहि विसरूं नये.

शस्त्रक्रियेंतील त्यांची एक लहानशी युक्ति फार काळ टिकली. कवटीचें हाड कापलें कीं त्यांतून रक्त पाझरत राहतें आणि तें दाबून थांबत नाहीं. हॉर्स्ले यांनीं मधमाशांच्या मेणांत बदामाचें तेल व थोडें जंतुनाशक मिसळून तें हाडाच्या कडेस चोळण्यास आरंभ केला. मेणानें छिद्रें बुजतात व रक्त थांबतें. साधी गोष्ट, परंतु हाडाचें मेण या नांवानें ती पुढें जगभर वापरली गेली.

त्यांचा हात विलक्षण जलद होता. अमेरिकेचे हार्वे कुशिंग हे पुढें या विद्येंत जगन्मान्य झाले. ते १९०० सालीं लंडनला आले आणि हॉर्स्ले यांची घाई पाहून निराश होऊन परतले. कुशिंग तासन् तास खपून एकेक रक्तबिंदु थांबवीत. हॉर्स्ले यांना तेवढा वेळ नसे. पुढील काळानें कौल दिला तो कुशिंग यांच्या संथपणास. मात्र हॉर्स्ले यांच्या काळीं गुंगी कमी धोक्याची नव्हती आणि रक्त देण्याची सोय नव्हती, त्यामुळें वेग हाच रोग्याचा आधार होता, हेंहि ध्यानांत घ्यावयास हवें.

अपस्माराप्रमाणेंच दुसऱ्या एका व्याधीनें त्यांचें लक्ष वेधलें होतें. कांहीं रोग्यांचा हात किंवा पाय जागेपणीं सारखा वळवळत राहतो, पिळवटतो, झटके देतो; मनांत असो वा नसो, तो थांबत नाहीं. असा एक मुलगा त्यांच्याकडे आला. त्याचा डावा हात त्याचा उरलाच नव्हता. हॉर्स्ले यांनीं मेंदूंतील हाताची जागा विजेच्या प्रवाहानें शोधून ती काढून टाकली. वळवळ थांबली. हात प्रथम लुळा पडला, परंतु हळूहळू त्यांत थोडी इच्छेप्रमाणें होणारी हालचाल परत आली. १९०९ सालीं केंब्रिज येथील व्याख्यानांत त्यांनीं ही हकीकत सांगितली, आणि ज्या जागेस सर्वजण हालचालीचें एकमेव ठाणें समजत होते ती गेल्यावरहि हात थोडाफार कसा हालतो, हा प्रश्न स्वतःच उभा केला. ज्या नकाशावर त्यांची कीर्ति उभी होती त्याच नकाशांतील उणीव त्यांनीं दाखविली.

मेंदूच्या पृष्ठभागावरून वळवळ थांबवावयाची म्हणजे हाताचें बळ देऊन सुटका विकत घ्यावयाची. खरें मूळ असेल तर तें मेंदूच्या खोल गाभ्यांत. पण तेथें वरचा मेंदू न फाडतां पोहोंचावें कसें? याचें उत्तर हॉर्स्ले यांनीं रॉबर्ट क्लार्क या सहकाऱ्याच्या मदतीनें अगोदरच शोधून ठेवलें होतें. १९०८ सालीं त्या दोघांनीं एका यंत्राचें वर्णन प्रसिद्ध केलें. पितळी चौकट जनावराच्या डोक्यावर पक्की बसवावयाची. पुढें-मागें, उजवीकडे-डावीकडे व वर-खालीं अशीं तीन मापें घ्यावयाचीं. आणि ज्या बिंदूवर जावयाचें त्या बिंदूवर बारीक सुई बिनचूक उतरवावयाची. जमिनीवरील गांव जसें नकाशावरील दोन रेघांनीं सांपडतें, तसा मेंदूंतील बिंदु तीन रेघांनीं सांपडतो. कल्पना मुख्यतः क्लार्क यांची होती.

हें यंत्र हॉर्स्ले यांनीं माणसावर कधींच वापरलें नाहीं. क्लार्क यांचे शिष्य मसेन यांनीं १९१८ च्या सुमारास माणसाच्या डोक्याच्या मापाचें तसलेंच यंत्र करवून घेतलें, परंतु तें वापरण्यास एकहि शस्त्रवैद्य धजला नाहीं. कागदांत गुंडाळलेलें तें यंत्र पुढें कित्येक वर्षांनीं त्यांच्या घरांत सांपडलें. अखेर १९४७ सालीं फिलाडेल्फिया येथें स्पीगेल व वायसिस यांनीं याच तत्त्वावर माणसाच्या मेंदूंत प्रथम सुई उतरविली. आणि १९८७ सालीं फ्रान्समध्यें ग्रेनोब्ल येथें बेनाबीद यांनीं त्याच वाटेनें बारीक तार आंत ठेवून, कांहीं एक न कापतां, सततच्या विद्युत्स्पंदांनीं हाताचा कंप थांबवून दाखविला. कंपवातानें ज्याच्या हातांतील चहाची बशी सांडते अशा रोग्यास आज जो उपाय मिळतो, त्याच्या मुळाशीं ती पितळी चौकट आहे.

या सर्व कामाचा पाया जनावरांवरील प्रयोगांचा होता, आणि त्याबद्दल हॉर्स्ले यांच्यावर त्यांच्या हयातींत जितका गहजब झाला तितका थोड्यांवर झाला असेल. त्यांनीं उत्तरें दिलीं तीं तिखट, आणि कधीं कधीं शोभणार नाहींत इतकीं तिखट. फ्रान्सिस कॉब या वृद्ध विदुषींच्या पुस्तकांतील चुकांवर १८९२ सालीं भर सभेंत त्यांनीं केलेला हल्ला वस्तुस्थितीस धरून असला तरी त्यांत सौजन्य नव्हतें. अहिंसेच्या संस्कारांत वाढलेल्या आपल्या मनास त्या माकडांची कथा टोंचल्यावांचून राहत नाहीं; तशीच ती २,८७० झटक्यांची नोंदहि टोंचते. दोन्ही दुःखें खरीं आहेत.

१९०२ सालीं त्यांना सर ही पदवी मिळाली. पण मोठ्या लोकांत मिसळून स्वस्थ बसणें त्यांच्या स्वभावांत नव्हतें. मद्याविरुद्ध त्यांनीं १९०७ सालीं एक ग्रंथ लिहिला. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून ते उघडपणें भांडले, आणि तुरुंगांत उपोषण करणाऱ्या स्त्रियांच्या नाकांतून नळी घालून बळेंच अन्न कोंबण्याच्या सरकारी प्रकाराचा त्यांनीं १९१२ सालीं दोन सहकाऱ्यांसह शास्त्रीय पुराव्यानिशीं निषेध केला. पार्लमेंटांत जाण्याचा त्यांचा प्रयत्न फसला तो बऱ्याच अंशीं या स्पष्टवक्तेपणामुळें.

१९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें तेव्हां ते सत्तावन्न वर्षांचे होते. त्यांना कोणी बोलाविलें नसतें. ते आपण होऊन गेले. प्रथम फ्रान्स, मग ईजिप्त. १९१६ सालीं मेसापोटेमियांतून भयंकर वार्ता येऊं लागल्या. २९ एप्रिल रोजीं कूत येथें इंग्रजी सैन्यानें तुर्कांस शरणागति दिली होती. हें सैन्य म्हणजे पुण्याच्या नांवानें ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन. तिच्यांत १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. त्या मोहिमेंत जखमींचे जे हाल झाले त्यांना सुमार नव्हता. औषधें नाहींत, पट्ट्या नाहींत, नदींतून नेण्यास पुरेशा बोटी नाहींत. कोंकण-देशावरचीं मुलें उघड्या तराफ्यांवर उन्हांत पडून राहत. जेथें गरज अधिक तेथें आपण, या न्यायानें हॉर्स्ले यांनीं तिकडे आपली बदली मागून घेतली.

तेथें पोंचल्यावर ते रुग्णालयांमागून रुग्णालयें पाहत हिंडले आणि अव्यवस्थेविरुद्ध कडक शब्दांत लिहीत राहिले. जो मद्य पीत नाहीं त्याला ऊन बाधत नाहीं अशी त्यांची दृढ समजूत होती, आणि आपल्या समजुतींची परीक्षा स्वतःवर घेण्याची तर त्यांची जुनीच खोड. जुलैच्या त्या आगींत ते पायीं फिरत. १६ जुलै १९१६ रोजीं अमारा येथें उष्माघातानें त्यांचें देहावसान झालें.

अमारा येथील युद्धस्मशानांत त्यांना पुरलें. तेथील मातींतील क्षारांनीं थडग्यांचे दगड झिजूं लागले, म्हणून १९३३ सालीं ते सर्व दगड काढून टाकण्यांत आले आणि मृतांचीं नांवें एका लांब भिंतीवर कोरण्यांत आलीं.